चार बदकांचं तळं

"तळ्याचं पाणी हिरवं पडलंय, त्यात काय टाकू?" हा प्रश्न मला आतापर्यंत दोन मामेभावांनी, एका साडूंनी आणि शेतघर घेतलेल्या एका जुन्या मित्राने विचारलाय. चौघांनाही मी फोनवर एकच उत्तर दिलं आणि चौघांनाही ते आवडलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहून टाकतो. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देतो: काही टाकू नका. बदकं मोजा आणि कमी करा.

हे शहाणपण मला काही उपजत नव्हतं. तीन वर्षं, दोन टँकर, पाच-सहा औषधं आणि तीन मेलेली बदकं एवढी फी भरल्यावर ते आलं.

आमचं घर कुंभारीत, सोलापुराहून अक्कलकोटकडे जाताना लागतं ते गाव. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरातल्या १५ हजार घरांचा ताबा कामगारांना मिळाला तेव्हा कुंभारीचं नाव देशभर टीव्हीवर झळकलं. त्याआधी लोकांना माहीत होती ती विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत. आमचं घर यातल्या कुठल्याच वसाहतीतलं नाही, गावातलं जुनं आहे. परसदार मोठं. अण्णांनी २०१६ मध्ये निवृत्तीच्या पैशातून तिथे एक छोटं तळं बांधून घेतलं. १८ फूट लांब, १२ फूट रुंद, साडेतीन फूट खोल. तळाला दगड आणि सिमेंट, एका बाजूला उतरायला तीन पायऱ्या. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हळीने त्यात यायचं. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे परसात उभं पाणी असणं म्हणजे श्रीमंती. अण्णा संध्याकाळी पायरीवर बसून पाय बुडवायचे. पाणी इतकं स्वच्छ की तिसरी पायरी वरून दिसायची.

२०१९ मध्ये अण्णांनीच बाजारातून चार बदकं आणली. खाकी कॅम्पबेल जातीची, तीन माद्या आणि एक नर. आम्ही लिंगायत, घरात अंडं चालत नाही. त्यामुळे अंडी शेजारीपाजारी जायची. ही जात अंडी भरपूर देते पण त्यावर बसत मात्र नाही. त्यामुळे सगळं आटोक्यात होतं.

२०२१ मध्ये अण्णा गेले.

त्यानंतर आई बदकांत रमली. सकाळी उठून आधी त्यांना दाणा, मग स्वतःचा चहा. एकदा तिच्या मनात आलं की एवढी अंडी वाटून टाकायची म्हणजे एवढे जीव आपणच परस्पर दुसऱ्याच्या तव्यावर पाठवायचे. शेजारच्या वस्तीवरून तिने एक खुडूक कोंबडी उसनी आणली आणि तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. २८ दिवसांनी सात पिल्लं निघाली. ती पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा ती कोंबडी काठावर इकडून तिकडे ओरडत धावत होती आणि आई पदर तोंडाला लावून हसत होती. अण्णा गेल्यानंतर मी तिला तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवशी "आई, आता बास" म्हणायची माझी काय बिशाद!

मग दुसरी खुडूक कोंबडी आली. मग तिसरी. कुणीतरी दोन गुसे आणून दिले, आम्ही त्यांना हंस म्हणत होतो. २०२५ उजाडलं तेव्हा आमच्या त्या १८ बाय १२ च्या तळ्यावर ३१ पक्षी होते.

पाणी एका दिवसात बिघडत नाही. आधी तिसरी पायरी दिसेनाशी झाली, मग दुसरी. मग पाण्याला वाटलेल्या मुगासारखा रंग आला. अण्णांनी रोहू-कटल्याची बोटुकली सोडली होती, ती चांगली वीतभर झाली होती. एका पहाटे ती सगळी पृष्ठभागावर तोंड काढून आ वासताना दिसली आणि दोन दिवसांत उलटी तरंगायला लागली. कारण मला नंतर कळलं. पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेच तो ओढून घेतं. म्हणून पहाटे पाण्यात श्वासापुरताही प्राणवायू राहत नाही. आपण सकाळी दहाला बघतो तेव्हा सगळं ठीक दिसतं. घात पहाटे झालेला असतो.

डासांसाठी सोडलेले गप्पी मासे तर बदकांनी केव्हाच फस्त केले होते. काठाची हरळी गेली, अण्णांनी लावलेला वाळा मुळासकट उपटला गेला, आणि चोची खुपसून खुपसून तळाचा गाळ कायम ढवळलेला. संध्याकाळी वारा घराकडे वाहिला की खिडक्या लावून घ्यायच्या.

मग उपाय सुरू झाले. तुरटी फिरवली, पाणी दोन दिवस निवळलं. चुना टाकला. कुणी सांगितलं म्हणून बाटलीतले जिवाणू आणले, ते गूळपाण्यात भिजवून ओतले. कारंज्याचा छोटा पंप लावला. तो आठवड्यात पिसांनी तुंबला. शेवटी वैतागून २०२४ च्या डिसेंबरात सगळं पाणी उपसलं, तळ खरवडला आणि दोन टँकर मागवून तळं नव्याने भरलं. आई खूश, मी खूश, बदकं सगळ्यांत खूश. तिसऱ्या आठवड्यात पाणी पुन्हा मुगाच्या रंगाचं!

त्या दिवशी शेजारचे एक म्हातारे काका कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "काय वो सर, पाणी बदलून काय हुतंय? खानारी तोंडं तितकीच हायती की."

मी इतकी वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि हे गणित मला त्यांनी सांगावं! रात्री वही घेऊन बसलो. तळं काठोकाठ भरलं तर ७५६ घनफूट, म्हणजे साधारण २१ हजार लिटर. आमच्याकडे मे महिन्यात दिवसाला जवळपास सेंटिमीटरभर पाणी नुसतं उन्हाने उडतं. झाडांना काढलेलं वेगळं. पाणी दीड फुटावर आलं की उरलं नऊ हजार लिटर. एक बदक दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम तरी ओली विष्ठा टाकतं. ३१ पक्ष्यांची झाली साडेतीन किलो. महिन्याला क्विंटलभर! आता विचार करा, एखाद्या शेतकऱ्याने नऊ हजार लिटर पाण्यात महिन्याला क्विंटलभर खत ओतलं तर त्यात पीक कसलं येईल? शेवाळाचंच येणार. आणि वरून वाईट हे की पाणी उडून जातं, खत उडून जात नाही. ते तिथेच साचत राहतं.

इथे एक शंका हमखास निघते (माझ्या साडूंनी काढलीच). बदक हा पाण्यातलाच पक्षी ना? हिवाळ्यात हिप्परग्याच्या तलावावर एवढे पक्षी उतरतात, तो तलाव कुठे मुगाच्या रंगाचा होतो? मलाही आधी असंच वाटायचं. पण त्यात दोन फरक आहेत. एक तर तिथे पाण्याचा विस्तार अफाट आणि पक्षी पाहुणे, ऋतू संपला की बरेचसे निघून जातात. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रानातलं बदक बहुतेक त्या पाण्यातलंच खातं आणि त्याच पाण्यात टाकतं. म्हणजे जे तिथलं होतं तेच फिरत राहतं. आमची बदकं मात्र खात होती दुकानातून आणलेली ज्वारी आणि मका, रोज चारेक किलो. ते सगळं बाहेरून येऊन तळ्यात जात होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. तळं बदकांनी नाही बिघडवलं, आम्ही प्रेमाने टाकलेल्या दाण्याने बिघडवलं. बदकं फक्त मधली हमाल.

हे सगळं वहीत होतं. आईला सांगायचं धैर्य नव्हतं. "अण्णांची बदकं" हा शब्द तिने उच्चारला की माझं गणित तिथेच संपायचं.

मग मार्च २०२५ आला. सोलापुरात मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला आणि शहरातल्या तलावांभोवतीच्या बातम्या रोज पेपरात. आमच्या गल्लीत लोक आमच्या परसाकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले. आणि नेमकी एप्रिलमध्ये, ऊन चाळीसच्या वर गेलेलं असताना, आमची बदकं आजारी पडली. आधी पाय गेले, मग मान. मान सरळ धरताच येईना, काठावर वाहून आलेल्या दोरीसारखी पडलेली. दोन दिवसांत तीन गेली. आई रात्रभर एकाची मान मांडीवर घेऊन बसली होती. तेही पहाटे गेलं.

पशुवैद्यक आले. नमुने तपासायला गेले, बर्ड फ्लू नव्हता. त्यांनी सांगितलं की लक्षणांवरून हा बोट्युलिझम दिसतो. उथळ, गरम, कुजलेल्या पाण्यात प्राणवायू संपला की गाळातले जिवाणू विष तयार करतात. मेलेल्या पक्ष्यावर अळ्या होतात, त्या अळ्यांत ते विष साठतं, दुसरं बदक त्या अळ्या खातं आणि मरतं. म्हणून मेलेला पक्षी तासभरही पडू द्यायचा नाही, खोल पुरायचा. जाता जाता ते आईला म्हणाले, "आजी, औषध देतो, पण खरं औषध म्हणजे गर्दी कमी करा. या पाण्यात एवढी जगणार नाहीत."

मी तीन वर्षांत जे बोलू शकलो नाही ते परक्या माणसाने अर्ध्या मिनिटात सांगितलं. आई काही बोलली नाही. संध्याकाळी तिने विचारलं, "किती ठेवायची?" मी म्हटलं, "अण्णांनी आणली होती तेवढी. चार."

आता २८ पैकी २४ जणांना पाठवायचं कुठे? नातेवाइकांकडून सल्ले आले. सगळ्यांत जास्त आलेला सल्ला असा की, एखाद्या मोठ्या तलावात सोडून द्या, पुण्य लागेल. मला हे अगदी मान्य नाही आणि कुणी असं करत असेल तर कृपा करून करू नका. पाळीव बदकाला धड उडता येत नाही, रानात पोट भरण्याची सवय नसते. कुत्री दोन रात्रींत निकाल लावतात. जी वाचतात ती आपल्या घरचे रोग तिथल्या पक्ष्यांना देतात. आपल्याकडचं जे रानबदक आहे, चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेलं हळदी-कुंकू, त्याच्याशी यांचा संकर होऊ शकतो, म्हणजे त्याची जातही बिघडायची. आणि मुख्य म्हणजे आपल्या परसातली गर्दी गावाच्या तलावात ढकलणं याला पुण्य कसं म्हणायचं?

शेवटी मोहोळकडचा एक ओळखीचा शेतकरी तयार झाला. त्याचं मोठं शेततळं आहे, बदकांच्या अंड्यांना गिऱ्हाईक आहे आणि तळ्याचं पाणी तो डाळिंबाला सोडतो, म्हणजे घाण साचून राहत नाही, झाडांना जाते. गाडी घेऊन आला. आईने त्याला एकच विचारलं, "कापणार नाही ना?"

तो प्रामाणिक माणूस. खाली बघत म्हणाला, "आज्जी, अंडी देत्यात तोवर हात लावत न्हाई. फुडचं मला इचारू नका."

मला वाटलं, झालं, आता आई नाही म्हणणार. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं. मी विचारत नाही. आणि तूही मला कधी सांगू नकोस." शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. खुराडी भरताना ती आत जाऊन देवापाशी बसली.

हा भाग मी गाळू शकलो असतो. पण जो कोणी म्हणतो की तळं सुधारणं म्हणजे चार कमळं लावायची आणि गाळ काढायचा, त्याला हेही कळलं पाहिजे. सगळ्यात अवघड काम फावड्याचं नसतं.

बाकीचं काम मग सोपं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात तळं पुन्हा उपसलं. या वेळी पाणी गटारीत सोडलं नाही, पंपाने लिंबू, केळी आणि कढीपत्त्याला दिलं. गाळ उन्हात वाळवून झाडांच्या आळ्यांत पसरला. चार बदकांसाठी रात्रीचं खुराडं तळ्यापासून लांब केलं, खाली भाताचा भुसा. म्हणजे रात्रभराची विष्ठा पाण्यात न जाता भुश्यात राहते आणि तो भुसा खताच्या खड्ड्यात जातो. त्यांच्या आंघोळीला सिमेंटचं एक पसरट कुंड, त्याचं पाणी दर दोन दिवसांनी केळीला. तळ्याभोवती गुडघाभर उंचीची जाळी. बदकांना तळ्यात उतरायची मुभा संध्याकाळी एक तास. दाणा तळ्याकाठी टाकायचा नाही म्हणजे नाही. पाण्यात वाळ्याची ठोंबं कुंड्यांत घालून पायरीवर ठेवली, दोन कुमुदिनी लावल्या. झाडं पाण्यातलं खत ओढून घेतात, तेवढं शेवाळाच्या तोंडचं जातं.

२०२५ चा मे उलटाच निघाला. रोहिण्यांच्या आधीच पाऊस सुरू झाला आणि महिनाअखेर तळं अर्धं भरलं, एकही टँकर न मागवता. आणि पंधरा दिवसांत पाणी पुन्हा हिरवं झालं!

खरं सांगतो, मी हादरलो. २४ बदकं गेली, आई महिनाभर नीट जेवली नाही, आणि हे काय? पुन्हा तुरटी आणायला निघालो होतो. बायकोने थांबवलं. म्हणाली, "दुखणं तीन वर्षांचं आहे, पंधरा दिवसांत कसं जाईल?" दगडांच्या फटींतलं, सिमेंटवरचं जुनं खत अजून पाण्यात उतरत होतं. आम्ही काहीही न करता बसलो (हे फार कठीण असतं). आषाढात वाळ्याने मुळं सोडली. श्रावणात कुमुदिनीची पानं पसरून पाण्यावर सावली आली. सप्टेंबरात सीनेला पूर आला तो पाऊस आमच्याकडेही कोसळला, तळं भरून वाहिलं. दिवाळीत अभ्यंगस्नान करून परसात आलो तर दुसरी पायरी दिसत होती. संक्रांतीला तिसरी.

कोणी न बोलावता बेडूक आलेत. चतुर येतात. एक खंड्या रोज सकाळी जाळीच्या खांबावर बसून नव्याने सोडलेल्या गप्पींवर नजर ठेवून असतो. त्याला मी काही बोलत नाही, त्याचा दाणा तो स्वतः शोधतो.

या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय. पाण्याला लागलेली रोगराई आपण नेहमी पाण्यातच शोधतो. कोल्हापूरचा रंकाळा मध्ये हिरवा पडायचा, आमच्या सोलापूरचा संभाजी तलाव, ज्याला जुने लोक कंबर तलाव म्हणतात, जलपर्णीने झाकला जायचा. जलपर्णी काढायची, पुन्हा वाढायची, पुन्हा काढायची. शेवाळ काय, जलपर्णी काय, ती पाण्यात उतरणारं खत खायला आलेली असतात. शहराच्या तलावात ते सांडपाण्यातून येतं, माझ्या तळ्यात बदकांमधून आलं. येणारं थांबवलं नाही तर काढत राहणं हा जन्मभराचा उद्योग.

आणि दुसरं जरा बोचणारं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळं खोदवलं, ते आम्ही पुण्यकर्म म्हणून सांगतो. मुक्या जीवाला दाणा टाकणं हेही पुण्य. पण ही दोन्ही पुण्यं एकाच पाण्यात करायची तर मोजमाप लागतं. मोजलं नाही तर एक पुण्य दुसऱ्याला खातं. आम्ही न मोजता दया केली आणि जे मेले ते आमच्या दयेत मेले. "आमच्याकडे कुणी खात नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्या घरांनी तर जास्तच मोजलं पाहिजे. कारण वाढ थांबवायची आमच्याकडे एकच जागा असते, अंडं कोंबडीखाली ठेवायच्या आधीची. तिथे मी गप्प बसलो. आईचं हसू बघून गप्प बसलो हे खरं, पण त्याची किंमत मी नाही, त्या बदकांनी दिली.

असो. मामेभावांनो, आता कळलं ना मी औषधाचं नाव का सांगत नाही ते?

आई आता ज्वारी चिपट्याने मोजून घालते. सकाळी एक चिपटं, संध्याकाळी एक. हे चिपटं अण्णांच्या आईचं, पितळी, अडगळीत पडलेलं. माप भरलं की ती त्यावरून हात फिरवते, वरचे चार दाणे डब्यात परत पडतात. मग संध्याकाळी ती पायरीवर बसते, पाय पाण्यात सोडते. काल म्हणाली, "पाय दिसतात रे आता."